घोंगडकोळी

माझा नवरा हे न कळताच गेला. मुलाला माहीत नाही, सुनेला माहीत नाही, आणि भजनाला माझ्या शेजारी बसणाऱ्या बायकांना तर मी काल काय भाजी केली तेसुद्धा खरं सांगत नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून सांगते — उगाच स्वतःला विश्वासाचं माणूस वगैरे समजू नका.

आधी कोळ्यांचं सांगावं लागेल. त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आणि कोळ्यांविषयी बोलणं मला सोपं जातं, हेही आहेच.

माझं सासर निमोणे, माहेर खुटबाव. शाळा चौथीपर्यंत. निमोण्यात आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर कुणाच्या अंगावर लाल चट्टा उठला, पाण्याचे फोड आले, की लोक म्हणायचे, अंगावरून कोळी फिरला. आणि उठून माझ्याकडे यायचे. मामीला कोळी ओळखता येतो. कुठला विषारी, कुठला नुसता भिववणारा, कुठल्याचं किती दिवसांत उतरतं, सगळं मामीला कळतं. सासूनं मरताना मला ही विद्या दिली, अशी एक गोष्टसुद्धा कुणीतरी तयार केली होती. माझ्या सासूला झुरळ आणि कोळी यातला फरक कळत नव्हता. पण मी ती गोष्ट कधी खोडली नाही. का खोडू? लोकांना विद्या पाहिजे असते. नुसतं बघणं कुणाला पुरत नाही.

कारण होतं ते एवढंच — मी बघत होते. बाकीचे बघत नाहीत. मिशा पिळणारे पुरुष शेंगदाण्याएवढा कोळी बघून खाटेवर चढतात आणि खाली उतरल्यावर सांगतात, ताटाएवढा होता. कसा दिसत होता विचारलं तर म्हणतात, काळा. काळा काय? पाय किती? पाठीवर काय? सगळ्यांचं उत्तर एकच, काळा. सरपंचकी केलेला एक माणूस माझ्याकडे चक्क गोचीड घेऊन आला होता. ज्यानं गाव चालवलं त्याला गोचीड ओळखता येत नव्हती.

खरा कोळी बघायचा असेल तर आधी विचारायचं, तो सापडला कुठं. उसाच्या पाल्यात, भिंतीवर, जमिनीवर, की हवेत लोंबत. मग पाय मोजायचे. आठ भरले तर पुढं जायचं. डोकं आणि छाती एकच असतं, मग बारीक कंबर, मग पोट. मग डोळे — ते उन्हात धरल्यावर दिसतात. भिंतीवर उड्या मारतो त्या बारक्याला समोर दोन मोठे डोळे असतात, मोटारीच्या दिव्यांसारखे. तो माणसाचं काही करत नाही. दाराआडचा चपटा, तळहाताएवढा, खेकड्यासारखे पाय बाजूला टाकणारा, त्याला बघून बायका भांडी टाकून पळतात. तो झुरळं खातो. बुडाला पांढरी गोळी चिकटवून धावते ती मादी, गोळीत अंडी. उसात जाळ्याच्या मधोमध पांढरी नागमोडी रेघ काढून बसते ती पिवळ्या पट्ट्यांची, ती दिसायलाच तेवढी भारी. मग पाठीवरची नक्षी, पायांवरचे केस, आणि सगळ्यात शेवटी दात. हे सगळं मी खुरपताना, पाचट ओढताना बघून बघून शिकले. कुणी शिकवलं नाही.

आणि एक गोष्ट मला फार लवकर कळली. लोकांच्या अंगावरच्या फोडांचा आणि कोळ्याचा बहुतेक वेळा काही संबंध नसतो. फोड आठ-दहा दिवसांत आपोआप वाळतात. मी गेरू आणि निंबाचा पाला वाटून त्याचा लेप द्यायची. लेप नसता दिला तरी ते वाळलेच असते. आपोआप बरी होणारी दुखणी बरी करण्यात माझ्याइतकी हुशार बाई पंचक्रोशीत नव्हती.

हे मला माहीत होतं. पहिल्या दोन-तीन वर्षांतच माहीत झालं होतं. — मग थांबले का? नाही. लोक दारात चपला काढून उभे राहायचे. ज्या घरातल्या बाया लग्नात मला मागच्या पंगतीला बसवायच्या त्याच घरातले बापे माझ्यासमोर उकिडवे बसून मी काय बोलते याची वाट बघायचे. मी त्यांच्याकडून सुपारीचं खांडसुद्धा कधी घेतलं नाही. मान घेतला. तो घेताना मला त्यांची कीव यायची, आणि तरीही तो गोड लागायचा.

माझा एक नियम होता. चिरडलेला कोळी आणायचा नाही. चिरडलेल्याची ना नक्षी कळत ना दात. जिवंत धरायचा, काचेच्या ग्लासाखाली, खालून कागद सरकवून, तसाच आणायचा. दोघा-तिघांना मी दारातून परत पाठवलं होतं. तेव्हापासून गावात ते ठरूनच गेलं — मामीकडे जायचं तर आधी कोळी धरा. घरात माणूस कण्हत असलं तरी आधी कोळी धरा. आणि मीसुद्धा आधी ग्लासाकडे बघायची, मग माणसाकडे. कधीकधी माणसाकडे बघायचं राहूनच जायचं.

आणि 'मला माहीत नाही' हे तीन शब्द मी त्या दारात कधी उच्चारले नाहीत. एकदाही नाही.

आता मंदाचं.

मंदा माझ्या चुलतभावाची मुलगी, खुटबावची. मला आत्या म्हणते. तिचं लग्न मीच जमवलं, निमोण्यातल्याच दत्ताशी. दत्ता रांजणगावच्या एका कंपनीत कामाला होता. रोज मोटारसायकलवर जायचा-यायचा. बरा होता. मला तो फारसा आवडायचा नाही, कारण तो माझ्या कोळ्यांवर हसायचा. 'मामी, आमच्या कंपनीत बी या, मशीनमदी लई कोळी झाल्यात.' असलं बोलायचा. दात दाखवून हसायचा. गावात माझ्यावर तोंडावर हसणारा तो एकटाच.

बारा वर्षं झाली त्याला. दत्ता सेकंड शिफ्ट करून घरी आला आणि उकडतंय म्हणून पडवीत खाली गोधडी टाकून झोपला. सकाळी उठला तो पोटात दुखतंय म्हणत. घशाशी काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय म्हणाला. घोट्याजवळ सुईच्या टोकाएवढे दोन ठिपके. मंदानं गोधडी झटकली तर त्यातून एक कोळी पडला आणि सरपणाच्या ढिगात शिरला.

झालं. मग काय केलं असेल त्यांनी? दवाखाना? नाही. माझा नियम होता ना. दत्ताच्या धाकट्या भावानं अर्धा तास सरपण उपसून तो कोळी जिवंत धरला. ग्लास, खाली कागद, सगळं नीट. माणूस बाजूला पोट धरून बसलेला आणि हा शहाणा लाकडं उपसतोय. तुम्हाला हसू येत असेल तर हसा. तो नियम माझा होता.

सात वाजता ते माझ्या दारात आले. भाऊ गाडी चालवत होता, मागं मंदा, मध्ये दत्ता. दत्ताला आमच्या दारातल्या निंबाला टेकवून बसवलं. भावाला डेअरीला दूध घालायचं होतं, तो लगेच गेला. माझे मालक शेतावर. मुलगा, सून तेव्हा पुण्यात. म्हणजे तिथं आम्ही तिघंच. मी, मंदा आणि दत्ता. हे लक्षात ठेवा.

मंदानं ग्लास माझ्या हातात दिला. मी तो उन्हात धरला.

तसला कोळी मी जन्मात बघितला नव्हता.

अंग चिंचोक्याएवढं, गडद तपकिरी, त्यावर मखमलीसारखी लव. पाय आखूड आणि जाड. भिंतीवरच्या कुठल्याच कोळ्याचे असे नसतात. पाठीवर नक्षी नाही. डोळे सगळे एका जागी, डोक्यावर टेकाड असावं तसे गोळा झालेले. मागं बुडाला दोन बारीक बोटांसारखं काहीतरी. मी खराट्याच्या काडीनं त्याला ग्लासाच्या काचेवर चढवला आणि खालून दात बघितले. आपल्या नेहमीच्या कोळ्यांचे दात चिमट्यासारखे समोरासमोर येतात. याचे तसे नव्हते. दोन्ही शेजारी-शेजारी, सरळ खाली येणारे. दोन कुदळी एकदम मारल्यासारखे.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. खरंच. माणूस माझ्यासमोर बसलाय, आणि मला आनंद होतोय की साठी उलटल्यावरसुद्धा नवीन काहीतरी बघायला मिळालं. मी बराच वेळ बघत राहिले. मंदा उभी होती. मी बघतच राहिले.

मग मी घोटा बघितला. — इथं मी जरा हळू सांगते, कारण पुढचं सगळं इथं आहे.

त्या कोळ्याच्या दोन दातांमध्ये बाजरीचा एक दाणा कसाबसा मावला असता. दत्ताच्या घोट्यावरच्या दोन ठिपक्यांमध्ये ज्वारीचे दोन दाणे आरामात बसले असते. सूज नाही. लाली नाही. त्याला मी बोटानं दाबून विचारलं, दुखतं का, तर म्हणाला, न्हाई, तिथं कायबी न्हाई, पोटातच दुखतंय.

जे तोंड एवढंसं आहे ते एवढं रुंद चावेल कसं? चौथी शिकलेल्या बाईलासुद्धा कळण्यासारखं आहे हे. मला कळलं. तिथंच, तेव्हाच कळलं. अंदाज नव्हे, शंका नव्हे. ही खूण या कोळ्याची नाही, हे मला ग्लास खाली ठेवायच्या आत कळलं होतं. मग कशाची? जमिनीवर झोपलेला माणूस, दुखणारी जागा नाही, पोटात कळ, घसा धरलेला — आमच्या भागात राहून कशाची ते मला कळत नव्हतं, असं तुम्हाला वाटतं?

आणि मंदानं विचारलं, 'आत्या, कुठला हाय वं ह्यो?'

मी म्हणाले, 'घोंगडकोळी.'

असा कुठला कोळी नसतो. ते नाव मी त्या क्षणाला बनवलं. अंगावर घोंगडीसारखी लव दिसली, तोंडातून बाहेर पडलं. मग पुढचंही पडलं. दिवसभर अंग मोडतं, पोटात मुरडा येतो, उन्हं कलली की उतरतं. लेप लावते. लेप वाळेपर्यंत हलवायचं नाही. हे सगळं मी एका दमात सांगितलं, वर्षानुवर्षं सांगत आल्यासारखं.

का? मला हा प्रश्न विचारू नका, कारण याचं उत्तर फार फालतू आहे. 'हा मला माहीत नाही' असं म्हणायचं नव्हतं. तेही दत्तासमोर. तो हसला असता, पोट धरून का होईना, हसला असता, आणि आठ दिवस कंपनीत सांगत फिरला असता की मामी हुकली. एवढंच. याच्यापेक्षा मोठं काही शोधू नका. मी शोधून बघितलंय.

मी लेप लावला. ज्या ठिकाणी कोळी चावलाच नव्हता त्या ठिकाणी नीट गोल लेप लावला. दत्ता हसला नाही. त्याला बोलताही नीट येत नव्हतं, आवाज नाकातून यायला लागला होता. आठ-साडेआठला मंदा म्हणाली, 'आत्या, ह्यांच्या पापण्या वर व्हईनात.'

मी म्हणाले, 'झोप झाली न्हाई त्याची. सेकंड करून आलाय.'

त्या तीन तासांत मंदा आणखी काय बोलली ते मी आत्ता सांगत नाही. जमलं तर शेवटी सांगेन.

दहाला त्याचा भाऊ डेअरीवरून परत आला. आला तो दत्ताची मान बघून ओरडायलाच लागला. शेजारच्यांचा पिकअप आणला, चार माणसं चढली, शिरूरकडे निघाले. पोचायच्या आधीच सगळं संपलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घोटा बघितला, माझा लेप पुसून बघितला, आणि म्हणाले, मण्यार. सकाळी आणलं असतं तर वाचला असता. दुसऱ्या दिवशी त्याच सरपणाखाली ती मण्यार सापडली. लोकांनी ठेचली. ती मात्र चिरडली तरी चालत होती.

तुम्हाला वाटत असेल कबुली संपली. नाही. इथवरचं तर निम्मं गाव अंदाजानं ओळखून असेल.

माती झाल्यावर दत्ताच्या घरी माणसं बसली होती. दत्ताचा बाप, आप्पा, भिंतीला टेकून बसला होता. बायका एका बाजूला, मधोमध मंदा. मीही होते. न जाऊन कसं चालेल? आप्पानं विचारलं, सकाळी सात ते दहा, तीन तास काय करत व्हता? कुणाला उद्देशून विचारलं नाही, असाच हवेत बोलला. मग त्याची मान हळूहळू माझ्या बाजूला वळायला लागली. अजून पुरती वळली नव्हती.

मी म्हणाले, 'मी तर सकाळीच हिला सांगितलं व्हतं. लेपावर थांबू नका, शिरूरला न्या. हिनंच ऐकलं न्हाई.'

मान मध्येच थांबली आणि मंदाकडे गेली. सगळ्यांच्या माना मंदाकडे गेल्या. माणसं किती पटकन वळतात! एकानंही विचारलं नाही की मामी, मग तुम्ही स्वतः का नाही पाठवलं, तुमच्याच दारात तर होती ती. ज्यांनी अर्धा तास कोळी धरण्यात घालवला, ज्यांच्या अंगणात तीन मोटारसायकली उभ्या होत्या आणि एकही शिरूरच्या रस्त्याला लागली नाही, त्या सगळ्यांना ते उत्तर हवंच होतं. मी ते त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी उचललं.

हे मी दोष वाटून घेण्यासाठी सांगत नाही. ते बावळट होते. मी बावळट नव्हते, मला माहीत होतं. दोन्हीत फरक आहे.

मंदानं माझ्याकडे बघितलं. सव्वीस वर्षांची होती. मला वाटलं आता ही बोलणार. तिनं तोंड उघडलंही. आणि पुन्हा मिटलं. आत्या खोटं बोलते, हे तिच्या डोक्यात शिरतच नव्हतं बहुतेक. मी तिच्या माहेरची. तिथं तिच्या बाजूचं म्हणून जे एक माणूस होतं, ती मीच होते.

तेराव्यानंतर तिला खुटबावला नेऊन घातलं. मुलगी तेव्हा चार वर्षांची, तिलाही. 'सांगूनसुद्धा नवऱ्याला दवाखान्यात नेलं नाही' — हे तिच्या आधी खुटबावला पोचलं होतं. कुणी पोचवलं? मी नाही, मला गरजच पडली नाही. भावजया टोचून बोलायच्या. बापानं, म्हणजे माझ्या चुलतभावानं, मरेपर्यंत तिच्याशी सरळ बोलणं ठेवलं नाही. तोंडानं काही म्हणायचा नाही, ताट सरकवून उठायचा. शेवटी ती मुलीला घेऊन कारेगावला गेली, खोली केली. एका कंपनीत पॅकिंगला आहे, उभं राहून काम. पाय सुजतात म्हणे.

आणि माझं काय झालं? काही नाही. लोक येतच राहिले. उलट वाढले. मामी तर न्या म्हणाली होती, मामीला सगळं कळतं. मी दोन-चार वर्षांनी गुडघ्याचं निमित्त करून बंद केलं. पण नाव राहिलं. घोंगडकोळी. आज निमोण्यात पोरंसुद्धा म्हणतात, घोंगडकोळी दिसला, मारला. आमच्याकडच्या एका मास्तरनं तर शाळेच्या भिंतीवर फोटो लावून खाली ते नाव लिहिलं. शिकलेला माणूस. कुठून मिळालं नाव, विचारावंसं त्याला वाटलं नाही.

तो कोळी मला पुढं बांधावर परत सापडला. मातीत बोटभर बीळ करून राहतो, आतून रेशमाचं अस्तर, वर मातीचं झाकण. मी काडीनं झाकण उचलून बघितलं तर त्यानं आतून धरून खाली ओढलं. बराच जोर होता. माणसाच्या वाटेला जाणारं जनावरच नाही ते. गोधडीत कसा आला कुणास ठाऊक. मी तिथं बसून त्याला तासभर बघितलं, इतकी मी निगरगट्ट आहे.

आता शेवटचं. तुम्हाला वाटलं असेल, बाई घाबरली, खोटं बोलून गेली, मग तोंड उघडायची हिंमत झाली नाही. अशी माणसं पुष्कळ असतात. मीही स्वतःला बरीच वर्षं तेवढीच समजत होते. भित्री. भित्रेपणा परवडला.

मागच्या वर्षी खुटबावला आमच्या भावकीत लग्न होतं. मंदा आली होती. तिला बघून कुणी उठत नाही, कुणी बस म्हणत नाही, तरी ती येते. दुपारी मांडवामागं मी लसूण सोलत बसले होते, एकटीच. ती येऊन शेजारी बसली आणि सोलायला लागली. सदतीस वर्षांची बाई, केस निम्मे पांढरे. मुलीचं सांगितलं, हुशार आहे म्हणाली. मी हूं हूं केलं.

मग ती म्हणाली, 'आत्या, एक इचारू? रागाला येऊ नका. तवा तुम्ही मला शिरूरला न्या म्हनला व्हता, ते मला ऐकूच आलं न्हाई का वं? मी किती आठवती. मला तर आठवतंय, मीच इचारत व्हते तुम्हाला, न्यायचं का म्हनून. का ते मी मागनं मनानंच लावून घेतलंय?'

मान खाली घालून विचारत होती. भांडत नव्हती. मला पकडायला आली नव्हती. अकरा वर्षं सगळ्यांनी एकच सांगितल्यावर तिला स्वतःच्या आठवणीचा भरवसा राहिला नव्हता, म्हणून ती विचारायला आली होती. आणि आली कुणाकडे? ज्या एका माणसाला खरं माहीत होतं त्याच्याकडेच. बाकी अख्ख्या दुनियेत कुणी सांगू शकत नव्हतं.

आसपास चिटपाखरू नव्हतं. आप्पा केव्हाच वारला होता. माझे मालकही. माझा तो मान, ती विद्या, सगळं बंद होऊन जमाना झाला होता. मी 'हो, तूच विचारत होतीस' म्हटलं असतं तर काय गेलं असतं माझं? तिनं कुणाला सांगितलं असतं? सांगितलं असतं तरी कुणी मानलं असतं? घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. लसणाचा वास, आणि आम्ही दोघी.

मी म्हणाले, 'तू कुठं इचारलंस गं. तू नुसती रडत व्हतीस. मीच म्हनले न्या म्हनून, दोनदा म्हनले. तुझं ध्यान नव्हतं.'

दोनदा. ते 'दोनदा' मी कशाला घातलं, सांगा. ते नसतं तरी चाललं असतं.

ती म्हणाली, 'तसंच आसंल.' आणि हलकेच मान हलवली. मग माझ्या मांडीवर पडलेली लसणाची सालं तिनं वेचून घेतली, पदरात धरली आणि टाकून यायला गेली. तिला हलकं वाटल्यासारखं दिसलं. ते मी बघितलं. बघायची सवय आहे ना मला.

मंदाचा नंबर सुनेच्या फोनमध्ये आहे. निमोण्यातून कारेगाव काही लांब नाही. मी फोन केलेला नाही आणि गेलेले नाही. जाईन असंही तुम्हाला सांगत नाही.

ती काय बोलली होती ते राहिलं.

तिनं विचारलं होतं. पहिल्यांदा मी लेप कालवत होते तेव्हा: 'आत्या, दवाखान्यात न्यायचं का?' मी नको म्हणाले. दुसऱ्यांदा दत्ताला पाणी पाजलं आणि ते गिळता न येऊन बाहेर आलं तेव्हा. मी म्हणाले, घोंगडकोळ्यात असंच होतं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. नऊ वाजले असतील. ती उठली आणि रस्त्यावर गाडी बघायला निघाली. मी तिचं मनगट धरलं आणि तिला खाली बसवलं. ती बसली.